शिक्का कचेरीचा, कान गोष्टींचा

गेल्या अंकात पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचे लेखक आमादू हांपाते बा यांच्याबद्दल दोन परिच्छेदांची टीप छापली होती: जन्म बांदियागारा गावात, वीस वर्षं फ्रेंच वसाहतीची कारकुनी, मग संशोधन, मग युनेस्को, आणि १५ मे १९९१ रोजी आबिजानमध्ये मृत्यू. एवढ्याशा टीपेवर भरपूर पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : टीपेत ‘पहिली नेमणूक : लेखक’ असं छापलं आहे. एकविसाव्या वर्षी सरकारनं कुणाला लेखक म्हणून नेमलं? की ही छपाईची चूक?

चूक भाषांतराची, आणि ती आमची. नेमणुकीच्या कागदावर फ्रेंचमध्ये ‘एक्रिव्हँ’ असा हुद्दा होता. त्या शब्दाचा अर्थ पुस्तकं लिहिणारा लेखक असा होतो, तसाच कचेरीत पत्रांच्या नकला करणारा लेखनिक असाही होतो. बा यांच्या बाबतीत अर्थातच दुसरा. पूर्ण हुद्दा होता ‘तात्पुरता लेखनिक’, आणि पुढे शेपूट जोडलेलं होतं की ही नेमणूक मूलतः अस्थिर असून केव्हाही रद्द करता येईल. आफ्रिकी नोकरांच्या उतरंडीतली ही अगदी तळची पायरी. पन्नास वर्षांनी तोच माणूस त्याच शब्दाच्या पहिल्या अर्थानं ओळखला जाऊ लागला. आत्मचरित्रात हा हुद्दा त्यांनी शेपटासकट नोंदवला आहे, आणि तिथे त्यांचा मिश्कीलपणा लपत नाही.

प्रश्न : जन्मसाल कुठे १९०० दिसतं, कुठे १९०१. ग्रंथालयाच्या यादीतही नाव एका जागी सापडत नाही.

त्या काळी बांदियागारात जन्माची नोंदच होत नसे. मुलगा शाळेत किंवा नोकरीत आला की कागदावर ‘सुमारे अमुक साली जन्म’ असं अंदाजानं लिहीत. म्हणून दोन्ही सालं चालू आहेत, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

नावाचं असं आहे. ‘बा’ हे कुळनाव, ‘हांपाते’ हे वडिलांचं नाव, ‘आमादू’ स्वतःचं. काही याद्या ‘बा’खाली लावतात, काही ‘हांपाते बा’खाली. दोन्हीकडे पाहा. सेनेगलच्या कादंबरीकार मारियामा बा वेगळ्या, तिकडे भरकटू नका. पहिल्या आत्मचरित्राच्या नावातलं ‘आमकुलेल’ हे लहानपणचं टोपणनाव. कुलेल हा त्या घरातला नामांकित गोष्टी सांगणारा. पोरगा त्याच्या मागे मागे असायचा आणि ऐकलेली गोष्ट दोस्तांना जशीच्या तशी सांगायचा, म्हणून ‘छोटा कुलेल’.

प्रश्न : नोकरी ‘शिक्षा म्हणून’ मिळाली, हे कसं? सरकारी नोकरी ही शिक्षा?

यासाठी थोडं मागे जावं लागतं. फ्रेंचांना हाताखाली भाषा जाणणारी माणसं हवी होती. सेनेगलच्या सेंट लुईत फेदेर्ब या गव्हर्नरनं १८५५ मध्ये शाळा काढली, तिचं नावच ‘ओलिसांची शाळा’. सरदारांची मुलं हाताशी ठेवायची आणि शिकवायचीही, असा दुहेरी हिशोब. पुढे नाव बदललं, पण गावोगावी तो शब्द लोकांच्या तोंडी राहिला.

१९१२ मध्ये बांदियागाराच्या कमांडंटनं शाळेसाठी मुलं मागितली, तेव्हा नाव द्यायचं काम मोहल्ल्याच्या मुखियाकडे आलं. त्याचं बा यांच्या घराशी वाकडं होतं, म्हणून त्यानं हाच मुलगा दिला. चांगल्या मुसलमान घरातला मुलगा फ्रेंच शाळेत गेला की धर्माला मुकला, अशी तेव्हाची भीती. आई कादिजा पैसे चारून त्याला सोडवायला निघाली होती. तिला थांबवलं ते मुलाचे कुराणाचे गुरू तिएर्नो बोकार यांनी. पुढे जेने आणि काती इथे शिक्षण झालं. मध्येच हा पठ्ठ्या शाळा सोडून आईकडे पळालाही होता.

१९२१ मध्ये गोरे बेटावरच्या नॉर्मल स्कूलसाठी निवड झाली. सगळ्या फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतून निवडक मुलं तिथे जात आणि शिक्षक किंवा वरच्या दर्जाचे नोकर होऊन बाहेर पडत. आईनं नकार दिला आणि मुलानं आईचं ऐकलं. गव्हर्नरला हा उद्धटपणा वाटला. आदेश निघाला : घरापासून लांब, नुकत्याच १९१९ मध्ये निर्माण केलेल्या अप्पर व्होल्टा (आजचा बुर्किना फासो) वसाहतीत, वागादुगूला रुजू व्हा, तेही सर्वांत खालच्या हुद्द्यावर. सोबतीला एक शिपाई दिला, तो सोबतीपेक्षा राखणीलाच. रेल्वे कुलिकोरोपाशी संपायची. तिथून नायजर नदीतून मोप्ती, आणि पुढचा सगळा पल्ला पायी. शिक्षा म्हणायची ती ही.

प्रश्न : वसाहतीच्या कचेरीत आफ्रिकी कारकून नक्की करायचा काय? ‘गुलामी’ आणि ‘सत्ता’ असे दोन्ही शब्द वाचनात येतात.

दोन्ही खरे आहेत. हा प्रश्न समजला की बा यांची निम्मी पुस्तकं समजतात, म्हणून जरा सविस्तर.

वसाहत ‘सर्कल’मध्ये विभागलेली असे. सर्कलचा प्रमुख तो कमांडंट. जिल्हाधिकारी, फौजदार आणि न्यायाधीश, तिन्ही एकाच टोपीखाली. ‘अँदिजेना’ नावाच्या नियमांखाली तो आफ्रिकी प्रजेला कोर्टाची पायरी न चढवता १५ दिवसांपर्यंत कैद आणि १०० फ्रँकपर्यंत दंड ठोठावू शकत असे. हे नियम आणि सक्तीची वेठ, दोन्ही १९४६ मध्ये रद्द झाले. तोवर रस्ते, लोहमार्ग, ओझी वाहणं, सगळं वेठीवर. लोकांनी कमांडंटला ‘रानातला देव’ असं नाव ठेवलं होतं.

या देवाची अडचण एकच : त्याला इथली भाषा येत नसे. काही वर्षांत त्याची बदलीही व्हायची, तेव्हा शिकायची गरजही वाटत नसे. म्हणजे गावकऱ्याचं म्हणणं आणि साहेबाचा हुकूम यांच्यामध्ये दोनच माणसं उभी असत. बोललेलं इकडचं तिकडे करणारा दुभाषा, आणि लिहिलेलं सांभाळणारा कारकून. डोईपट्टीच्या याद्या, वेठीसाठी गावागणिक माणसांचे आकडे, पत्रांच्या नकला, आवक-जावक, खटल्यांचे जबाब ही कामं कारकुनाकडे. यादीतलं एक नाव गळलं तर एक माणूस वेठीतून सुटतो. एक आकडा चढला तर एका गावाचं कंबरडं मोडतं. सत्ता असते ती इथे. पण तोच कारकून गोऱ्या साहेबासमोर उभा राहून ‘होय, कमांडंट’ एवढंच म्हणणार. बढतीच्या श्रेण्या वेगळ्या, पगार वेगळे, बसायच्या जागाही वेगळ्या. युरोपीय झालेल्या आफ्रिकी माणसांना लोक ‘काळे-गोरे’ म्हणत, आणि खऱ्या युरोपियनांना ‘गोरे-गोरे’. शब्द चपखल आहेत. त्यांत चेष्टा आहे, आणि थोडा धाकही.

बा यांची सुरुवात वागादुगूच्या नोंदणी आणि सरकारी मालमत्तेच्या कचेरीत झाली. १९२२ ते १९३२ या काळात डोरी, तुगान, वाहिगुया अशा ठिकाणी बदल्या झाल्या. १९३२ मध्ये फ्रेंचांनी अप्पर व्होल्टा ही वसाहतच मोडून शेजाऱ्यांत वाटून टाकली (१९४७ मध्ये ती पुन्हा उभी केली), आणि बा बामाकोच्या नगरपालिका कचेरीत आले. तिथे १९४२ पर्यंत होते.

ते या यंत्राचा भाग होते, हा आक्षेप एका वाचकानं घेतला आहे. तो रास्त आहे. बा यांनीही तो टाळलेला नाही. ‘होय, कमांडंट!’ हे त्यांच्या दुसऱ्या आत्मचरित्राचं नावच आहे. फक्त ते वाचताना एक सावधगिरी बाळगा. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९९४ मध्ये आलं आणि उतारवयातल्या आठवणींवर उभं आहे. पानभर चालणारे संवाद शब्दशः घेऊ नका. हुद्दे, बदल्या, कचेरीची रीत यांसाठी मात्र ते फार मोलाचं.

प्रश्न : ‘वांग्रिन’ ही कादंबरी की चरित्र?

बा यांचं हे पुस्तक १९७३ चं. त्याला १९७४ मध्ये काळ्या आफ्रिकेच्या साहित्याचं मोठं फ्रेंच पारितोषिक मिळालं, आणि तेव्हापासून सगळे त्याला कादंबरी म्हणतात. बा यांना ते पटत नव्हतं. पुढच्या एका आवृत्तीला त्यांनी मागे टिपण जोडून स्पष्ट केलं की हा माणूस होऊन गेला, त्यानं आपली कहाणी स्वतः सांगितली, मी ती लिहून घेतली.

वांग्रिन हा दुभाषा. पहिल्या महायुद्धात सैन्यासाठी गुरं जप्त करण्याचं काम चालू असताना तो खोट्या कागदांच्या जोरावर स्वतःचा कळप वाढवतो, आणि पकडला जायची वेळ येते तेव्हा एका गोऱ्या अधिकाऱ्याला पुढे करून निसटतो. वर म्हटलं तेच, दोन भाषांच्या मधल्या जागेतली सत्ता. पुस्तकात भाषांची उतरंडही दिसते. साहेबाची शुद्ध फ्रेंच वेगळी, आणि पलटणीतल्या शिपायांची मोडकीतोडकी फ्रेंच वेगळी, तिला ‘फोरोफिफों नास्पा’ म्हणत. वांग्रिनला पहिली येते, त्याच्या प्रतिस्पर्ध्याला दुसरी. निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते.

गावांची नावं मात्र बदललेली आहेत, आणि नकाशा घेऊन बसणारे वाचक इथे फसतात. किल्ली सोपी आहे, अक्षरं उलटसुलट करा. वा-गा-दु-गू उलटीकडून वाचा : गू-दु-गा-वा. पुस्तकातलं ‘गूदुगावा’ ते हेच. वाहिगुयाचं ‘यागुवाही’, बांदियागाराचं ‘दियागारांबा’, बोबो-दियुलासोचं ‘दियुसोला’. देवनागरीत ही गंमत फ्रेंचपेक्षाही चटकन दिसते.

प्रश्न : आफ्रिकेत म्हातारा मेला की ग्रंथालय जळतं, हे वाक्य त्यांचंच का? काही ठिकाणी ‘आफ्रिकी म्हण’ असं लिहिलेलं असतं.

म्हण नाही, हे नक्की. १९६० मध्ये माली स्वतंत्र झाला आणि युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेत बा देशाचे प्रतिनिधी म्हणून बोलले. तिथे त्यांनी सांगितलं की परंपरा जाणणाऱ्या एकेका माणसाचा मृत्यू मी न वापरलेल्या सांस्कृतिक ठेव्याला लागलेली आग समजतो. आज फिरणारं गुळगुळीत वाक्य हे त्याचं घासून सुटसुटीत झालेलं रूप.

सुटसुटीत करताना दोन गोष्टी गळाल्या. ते कुठल्याही म्हाताऱ्याबद्दल बोलत नव्हते, तर परंपरेचं रीतसर शिक्षण घेतलेल्या जाणकारांबद्दल. दुसरं म्हणजे ‘न वापरलेला’ हा शब्द. ते हळहळत नव्हते, काम मागत होते : माणसं जिवंत आहेत तोवर नोंदी करायला पैसे आणि माणसं द्या. १९६२ ते १९७० ते युनेस्कोच्या कार्यकारी मंडळावर होते, आणि हा विषय त्यांनी सोडला नाही.

प्रश्न : मी मौखिक इतिहासावर प्रबंध लिहितो आहे. बा यांची गोळा करण्याची पद्धत काय होती? नुसतं ‘ऐका आणि लिहा’ एवढंच?

युनेस्कोच्या आफ्रिकेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात मौखिक परंपरेवर त्यांचं एक प्रकरण आहे. तुम्ही ते मुळातून वाचाच. कामाचा भाग इथे देतो.

फुला ही बा यांचीच जमात. मासिनाच्या फुला साम्राज्याचा इतिहास त्यांनी १५ वर्षं गोळा केला (पुस्तक १९५५ मध्ये जाक दाजे यांच्यासोबत आलं). निदान १००० जणांना ऐकलं. शेवटी ठेवली ती जुळणारी कथनं, तीही फक्त फुला लोकांतली आपापसांत जुळणारी नव्हेत. ज्यांच्याशी फुलांच्या लढाया झाल्या त्या इतर जमातींच्या आठवणींशीही जुळली पाहिजेत, ही अट होती. घटनांचा धागा बहुतेक सगळीकडे सारखा निघाला. फरक पडला तो बारीकसारीक तपशिलांत. कुणाची स्मरणशक्ती कमी, कुणाला रंगवून सांगायची हौस. सांगणारा हरलेल्या बाजूचा असेल तर तो पराभव सौम्य करतो किंवा त्याला कारण शोधतो, पण पराभव झालाच नाही असं म्हणत नाही. हा फरक ओळखता आला की अर्धं काम झालं.

कुणाला विचारायचं, याचे त्यांचे दंडक कडक. ग्रिओ, म्हणजे गाणारे-सांगणारे स्तुतिपाठक, यांना समाजानंच अतिशयोक्तीची मुभा दिलेली असते. त्यांना दोन जिभा असू शकतात, असं मानतात. बांबारा लोकांतला ‘दोमा’, म्हणजे जाणकार, याला ती मुभा नाही. खोटं बोलला तर त्याचा अधिकार संपला. तो सांगण्याआधी हे मी कुणाकडून ऐकलं आणि त्यानं कुणाकडून, ती साखळी सांगतो. साखळी न सांगणाऱ्याची गोष्ट ऐकायला हरकत नाही, पण इतिहास म्हणून लिहू नये. काही ग्रिओ स्वतः दोमाही असतात. तेव्हा माणूस कुठल्या नात्यानं बोलतो आहे ते आधी विचारून घ्यायचं.

काम बिघडतं कुठे? घाई केली की. वसाहतीच्या काळात अधिकारी वह्या घेऊन गावात जात आणि संध्याकाळपर्यंत उत्तरं मागत. गावकऱ्यांनी त्यावर उपाय काढला होता. नाही म्हणता येत नाही, खरं सांगायचं नाही, मग जागच्या जागी रचलेली गोष्ट द्यायची. याला म्हणत ‘गवतात घालणं’. आपल्याकडे वाटाण्याच्या अक्षता लावतात, तसंच काहीसं, फक्त या अक्षता पुढे पुस्तकात छापल्या जात. त्या काळच्या कित्येक अहवालांत असं गवत भरलेलं आहे.

संशोधकाला काय लागतं, हे त्यांनी तीन प्राण्यांत सांगितलं आहे. पारव्याचं काळीज : कुणी अपमान केला, नकार दिला तरी रागवायचं नाही, दुसऱ्या फांदीवर जाऊन बसायचं. मगरीची कातडी : मिळेल तिथे, मिळेल त्यावर झोपायचं. शहामृगाचं पोट : पुढ्यात येईल ते खायचं, आणि तोंड वाकडं करायचं नाही. सर्वांत अवघड अट त्यांनी याच्याही वर ठेवली आहे. समोरच्याचं जग आपल्या मापानं मोजायचं सोडून द्यायचं.

आमचं एक निरीक्षण यात भर घालतं. जबाब घेणं, सांगणाऱ्याचं नाव आणि गाव टिपणं, दोन जबाब शेजारी ठेवून ताडून पाहणं, या सगळ्या सवयी कारकुनाच्या आहेत. फरक एवढाच की कचेरीत माणसाला बोलावून आणून विचारत. बा स्वतः त्याच्या ओट्यावर जाऊन बसत आणि तो बोलेपर्यंत थांबत. १९३३ मध्ये त्यांनी कचेरीतून रजा काढून तिएर्नो बोकारांची शिकवण उतरवून घेतली. त्याचं पहिलं पुस्तक १९५७ मध्ये निघालं, आणि स्वतःच्या समाधानासाठी पुन्हा लिहिलेलं १९८० मध्ये. ४७ वर्षं पुरलेली रजा.

प्रश्न : सरकारी नोकर असून सरकारच्या संशयाच्या यादीत, ते का?

एका मण्यामुळे. तिजानी या सूफी पंथातली एक प्रार्थना काही जण ११ वेळा म्हणत, बहुतेक जण १२ वेळा. नियोरोचे शेख हमाल्ला ११ वाले. वाद धार्मिक होता, पण फ्रेंचांनी ११ मण्यांची जपमाळ ही बंडाची खूण मानली. हमाल्लांना वारंवार हद्दपार केलं गेलं, शेवटी फ्रान्समध्ये नेलं, आणि १९४३ मध्ये ते तिथेच वारले. तिएर्नो बोकारांनी १९३७ मध्ये ११ मणी स्वीकारले. त्यांच्याच गावानं त्यांना वाळीत टाकलं. शिष्य बा याच वाटेचे, म्हणजे फाईलवर लाल खूण आलीच.

१९४२ मध्ये तेओदोर मोनो यांनी त्यांना डकारच्या फ्रेंच आफ्रिका संशोधन संस्थेत मागून घेतलं. मोनो त्या संस्थेचे संचालक, स्वतः वाळवंटाचे अभ्यासक. या बदलीनं बा यांना पोलिसी जाचापासून आडोसा मिळाला आणि पहिल्यांदाच गोष्टी गोळा करणं हे पगारी काम झालं. १९५१ मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन ते पॅरिसला गेले.

प्रश्न : ते फ्रेंचमध्ये लिहीत, मग ‘फुला भाषेचे लेखक’ का म्हणता?

कारण त्यांच्या बऱ्याच कविता फुलफुल्देत, म्हणजे फुला लोकांच्या भाषेत आहेत. दीक्षाकथा ‘कायदारा’ १९६९ मध्ये छापली तीही फुलफुल्दे मजकुरासह. १९६६ मध्ये बामाकोत पश्चिम आफ्रिकी भाषांच्या लिप्या एकसारख्या करण्यासाठी बैठक झाली, त्या कामात त्यांचा हात होता. गरज का पडली? फुलफुल्देत एक साधा ‘ब’ आहे, आणि दुसरा श्वास आत ओढून उच्चारायचा ‘ब’. ‘ड’चंही तसंच. फ्रेंच अक्षरांत दोन्ही एकच दिसतात, आणि शब्दाचा अर्थ बदलतो. म्हणून दुसऱ्यासाठी आकडी असलेलं वेगळं अक्षर ठरवलं गेलं.

प्रश्न : वाचायला सुरुवात कुठून करू? फ्रेंच येत नाही.

इंग्रजीतून ‘आमकुलेल’ घ्या. त्याचं भाषांतर २०२१ मध्ये आलं आहे. ते जन्मापासून १९२१ च्या त्या पायपिटीपर्यंत येऊन थांबतं. पहिल्या शंभर पानांत आजोबा-मामा-सरदारांची नावं अंगावर येतील. वहीच्या मागच्या पानावर वंशावळ काढत चला, नाहीतर सोडून द्याल. मग ‘वांग्रिन’, तेही इंग्रजीत मिळतं. ‘कायदारा’ सर्वांत शेवटी. ते आकारानं लहान आहे म्हणून आधी उचलू नका. त्यातली प्रतीकं बा यांच्या टिपांशिवाय उलगडत नाहीत, तेव्हा टिपा असलेली आवृत्तीच मागा.